विमानाचे इंजिन, त्याचा पंखा आणि त्यांची निगा



संत नामदेवांची नरसी आणि औंढ्याचा नागनाथ ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे वसंतातल्या व्याख्यानाला उभे राहणाऱ्याने संतवाङ्मयावर बोलावे, मंदिरशिल्पावर बोलावे, फार तर हळदीच्या बाजारपेठेवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आम्ही विषय घेतला आहे तो मात्र घरी बांधलेल्या लहान विमानाचे इंजिन आणि पंखा यांची निगा कशी राखावी, हा. या जिल्ह्यात विमानतळ नाही. तेव्हा हा विषय नेमका कोणासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आलाच असेल. त्याचे उत्तर बोलण्याच्या ओघात मिळेल. तूर्त एवढेच म्हणतो की, विहिरीवरचे इंजिन, मळणी यंत्र, पिठाची गिरणी आणि ट्रॅक्टर यांची दुरुस्ती करणारे हात ज्या गावात आहेत, त्या गावाला हा विषय वाटतो तितका परका नाही.

आरंभी शब्दांची थोडी व्यवस्था लावून घेऊ. विमानाला दोन बाजूंना असतात ते पंख. ते हलत नाहीत. पुढच्या बाजूस गरगर फिरतो तो पंखा, इंग्रजीत ज्याला प्रोपेलर म्हणतात तो. पंख्याला दोन किंवा तीन पाती असतात. इंजिन पंख्याला फिरवते, पंखा विमानाला पुढे ओढतो, आणि विमान पुढे गेले की पंखांवरून वारा वाहून ते उचलले जाते. या साखळीतले पहिले दोन दुवे हाच आज आपला विषय.

घरी विमान बांधणे ही कल्पना ऐकून कोणी हसू नये. अमेरिकेत आणि युरोपात अशी हजारो विमाने हौशी लोकांनी बांधली आहेत. महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे वैमानिक कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांना पाहावयास मिळाले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली ती २०१७ च्या नोव्हेंबरात, आणि धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी-उड्डाणे झाली ती २०२० साली. या तारखांकडे जरा लक्ष द्यावे. विमान बांधून उभे राहिल्यानंतर ते आकाशात जाईपर्यंत चार वर्षे गेली. परवानगीचे कागद हे त्याचे एक कारण खरेच. परंतु कागद बाजूला ठेवले तरी बांधणे संपते तेथे पारखणे सुरू होते, आणि पारखण्याचे काम बांधण्याहून कमी नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. विहिरीवरचे इंजिन बंद पडले तर पिकाला पाणी एक दिवस उशिरा मिळते. मोटारसायकल बंद पडली तर ती ढकलत गावापर्यंत नेता येते. विमानाचे इंजिन बंद पडले तर वैमानिकाच्या हाती काही मिनिटे असतात आणि खाली जी जमीन असेल ती असते. त्यामुळे जमिनीवरच्या इंजिनाविषयी आपण जो विचार करतो, म्हणजे बिघडले की दुरुस्त करू, तो येथे चालत नाही. बिघडण्यापूर्वीच बिघाड दिसला पाहिजे. निगा या शब्दाचा विमानापुरता अर्थ एवढाच आहे.

प्रथम इंजिन घेऊ. लहान विमानाचे इंजिन बहुधा पेट्रोलवर चालते. विहिरीवरच्या डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही; हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेते. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, आणि विमानात ती ठिणगी दुहेरी असते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि त्यांना वीज पुरविणारी दोन स्वतंत्र साधने. जुन्या पद्धतीच्या इंजिनात या साधनांना मॅग्नेटो म्हणतात. इंजिन फिरत आहे तोवर मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः निर्माण करतो. बॅटरी मेली तरी ठिणगी चालू राहते.

उड्डाणापूर्वी वैमानिक एक मॅग्नेटो बंद करून पाहतो, मग दुसरा. एका ठिणगीवर इंजिन थोडे मंदावते. मिनिटाला सतराशे-अठराशे फेरे चालू असताना शंभर-सव्वाशे फेरे घटणे ठीक. घट पावणेदोनशेच्या पुढे गेली, किंवा दोन्ही बाजूंच्या घटीत पन्नासाहून अधिक अंतर पडले, तर पुष्कळशा इंजिनांच्या पुस्तकांत उत्तर एकच दिलेले असते: आज उड्डाण नाही. येथे एक मौजेची, पण जिवाशी गाठ असलेली गोष्ट सांगतो. एक मॅग्नेटो बंद केला आणि फेरे मुळीच घटले नाहीत, तर नवखा माणूस खूष होतो. जाणता कारागीर सावध होतो. कारण मॅग्नेटो बंद करणे म्हणजे त्याची वीज एका तारेने जमिनीला, अर्थात इंजिनाच्या धातूला, जोडणे. ती तार तुटली असेल तर बटण बंद असले तरी मॅग्नेटो जागाच राहतो. अशा इंजिनाचा पंखा कोणी सहज हाताने फिरविला, तर इंजिन धडधडून सुरू होऊ शकते. म्हणून विमानाच्या पंख्याला हात लावताना, किल्ली खिशात असली तरी, तो चालू आहे असे समजूनच हात लावावा. मोटारसायकलच्या कारागिराला ही सवय नसते; ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

स्पार्क प्लग काढून पाहिले की इंजिनाच्या पोटातले पुष्कळ कळते. टोक फिकट तपकिरी किंवा राखी असेल तर इंधन आणि हवा यांचे प्रमाण ठीक आहे. काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक होत आहे. टोक पांढरेफटक पडले असेल तर पेट्रोल कमी पडून आतली उष्णता वाढली आहे, आणि हे दुसरे पहिल्यापेक्षा वाईट. काजळीने इंजिन अडखळते, उष्णतेने ते जळते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. वर जावे तशी हवा विरळ होते, म्हणून तेथे पेट्रोलही कमी करावे लागते. त्यासाठी पुष्कळ विमानांत वेगळी दांडी असते.

काही इंजिनांना दोन कार्बुरेटर असतात. ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीचे ९१२ हे इंजिन हौशी विमानांत फार आढळते. त्यात एक कार्बुरेटर डाव्या बाजूच्या दोन सिलिंडरांना, दुसरा उजव्या बाजूच्या दोघांना. दोन्ही सारखे उघडले नाहीत तर एक बाजू ओढते आणि दुसरी रेंगाळते, आणि सारे यंत्र थरथरू लागते. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा गवई जशा एकमेकींत मिसळेपर्यंत लावतो, तसे हे दोन कार्बुरेटर लावावे लागतात. फरक इतकाच की गवयाने कानावर विसंबावे. कारागिराने विसंबू नये. त्याने दोन्ही बाजूंना दाबमापक जोडावेत, काटे सारखे करावेत, आणि मगच स्क्रू आवळावेत.

इंजिनाची छाती तपासण्याचीही एक रीत आहे. सिलिंडरात दर चौरस इंचास ८० पौंड दाबाची हवा सोडायची आणि त्यातली किती टिकते ते पाहायचे. ६० च्या खाली काटा उतरला तर सामान्यतः तपास करावा असे मानतात. हा तपास कान लावूनच होतो. धुराड्यातून फुसफुस ऐकू आली तर धूर सोडणारी झडप गळते. कार्बुरेटरकडून आली तर हवा घेणारी. आणि ऑईल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. डॉक्टर छातीला नळी लावून फुप्फुसाचा आवाज ऐकतो, त्यातलाच हा प्रकार.

ऑईल बदलताना जुने ऑईल नुसते ओतून देऊ नये. फिल्टर कापून त्यातला कागद उलगडून पाहावा. चकाकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवावे. चिकटले तर पोलाद, न चिकटले तर बहुधा ॲल्युमिनियम. नव्या इंजिनात थोडे कण निघायचेच. परंतु मागच्या वेळी दोन, या वेळी दहा, असे असेल तर आत कोणीतरी कोणाला खात आहे हे नक्की. पण मागच्या वेळचे दोन हे लिहून ठेवलेले नसेल तर या वेळच्या दहांना अर्थ राहत नाही. या लिहिण्याच्या गोष्टीकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

इंधनाविषयी दोन शब्द. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी जाऊन बसते. प्रत्येक उड्डाणापूर्वी तळाची तोटी उघडून काचेच्या भांड्यात थोडे पेट्रोल घ्यावे आणि उजेडात धरून पाहावे. ही झाली जुनी काळजी. आता एक नवी आहे. भारतात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि काही रबरी नळ्या व वायसर त्याने फुगतात. वर सांगितलेल्या रोटॅक्स ९१२ ला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते. म्हणून पंपावरचे पेट्रोल सरळ टाकीत ओतू नये. त्याची परीक्षा घरीही होते. खुणा केलेल्या काचेच्या नळीत थोडे पाणी घ्या, वर पेट्रोल ओता, हलवून स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते आणि तळाचे पाणी वाढल्यासारखे दिसते. पाण्याची रेषा जितकी वर सरकली तितके इथेनॉल.

आता पंखा. पंखा म्हणजे हवेत फिरणारा मळसूत्री स्क्रू, ही उपमा सोपी आहे आणि काही अंशी खरीही आहे. स्क्रू एका फेऱ्यात जितका आत शिरतो, तितका पंखा एका फेऱ्यात हवेत पुढे सरकेल, असे मानून त्या अंतराला पिच म्हणतात. पन्नास इंच पिचचा पंखा मिनिटाला २७०० फेरे फिरला तर हिशेबाने विमान ताशी सुमारे २०५ किलोमीटर जावे. प्रत्यक्षात हवा लाकडासारखी घट्ट नाही, त्यामुळे हिशेब तंतोतंत उतरत नाही. अमेरिकेतल्या राइट बंधूंनी विमान बांधताना आधी जहाजांच्या पंख्याविषयीची माहिती धुंडाळली आणि उपयोगी असे काही सापडले नाही. तेव्हा त्यांनी ओळखले की विमानाचा पंखा म्हणजे गोल फिरणारा पंखच होय. त्या एका विचारावर त्यांनी स्वतः पंखे कोरले.

पंख्याचे दोन आकडे आपण लक्षात ठेवावेत अशी आमची विनंती आहे. पाच फूट व्यासाचा पंखा मिनिटाला २७०० फेरे फिरतो तेव्हा पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २१५ मीटर धावते. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. टोक त्या वेगाच्या फार जवळ गेले की पंखा ओढण्याऐवजी नुसता ओरडू लागतो. म्हणून जलद फिरणाऱ्या इंजिनाला मध्ये गिअर बसवून पंख्याचे फेरे कमी करावे लागतात. रोटॅक्सच्या शंभर अश्वशक्तीच्या ९१२ मध्ये इंजिनाचे ५८०० फेरे होतात तेव्हा पंख्याचे जेमतेम २४०० होतात.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. मध्यापासून पाऊण मीटर अंतरावर, म्हणजे पात्याच्या टोकाजवळ, एक ग्रॅम वजन चिकटले आहे असे समजा. २७०० फेऱ्यांवर ते एक ग्रॅम बाहेरच्या बाजूस ओढते ते सहा किलो वजनाच्या जोराने. एका बाजूच्या टोकावर दहा ग्रॅम चिखल सुकून राहिला तर साठ किलोचा माणूस त्या टोकाला लोंबकळून सेकंदाला ४५ वेळा इंजिनाभोवती फिरत आहे असे समजावे. तीन किलोचे पाते, ज्याचे वजन मध्यापासून तीस सेंटिमीटरवर एकवटले आहे असे धरले, तर त्याच्या बुडाशी पडणारी ओढ सात टनांहून अधिक होते. हळदीची पन्नास किलोंची जवळजवळ दीडशे पोती त्या एका बुडाला टांगली आहेत, असे समजा.

हे ऐकल्यावर पंख्यावरच्या लहानशा खाचेची एवढी भीती का बाळगतात ते कळेल. कापडवाला ठाण काढतो, काठाला कात्री टिचवतो आणि मग हाताने सरळ फाडत नेतो. टिचकी नसती तर तो हाताने फाडू शकला नसता. पात्याच्या पुढच्या कडेवर खडा लागून पडलेली खाच म्हणजे ती टिचकी. धातूच्या पात्यावरची अशी खाच कानशीने घासून तिच्या कडा उथळ आणि गुळगुळीत करतात, की ताण एका जागी साचू नये. आणि किती खोल घासता येईल याची मर्यादा पंख्याच्या पुस्तकात दिलेली असते. त्या मर्यादेपलीकडची खाच असेल तर पाते भंगारात. वेल्डिंग करून पाते वाचवू नये. धातूच्या पात्याला ठिगळ चालत नाही.

पाती एकाच मार्गाने फिरतात की नाही हेही पाहावे लागते. आधी मॅग्नेटो बंद, मग प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढलेला, विमानाच्या चाकांना ओंडके लावलेले. टोकाजवळ एक खुंटी उभी करून पंखा हाताने हळूहळू फिरवावा आणि प्रत्येक पात्याचे टोक खुंटीपासून किती अंतरावर जाते ते मोजावे. धातूच्या पंख्यात सामान्यतः दीड मिलिमीटरपर्यंत, लाकडी पंख्यात तीन मिलिमीटरपर्यंत अंतर चालते. याला हत्यार लागते ते एक खुंटी आणि एक पट्टी.

लाकडी पंखा हौशी लोकांना स्वस्त पडतो, आणि तो आपल्या मराठवाड्याच्या हवेत विशेष सांभाळावा लागतो. वैशाखात येथे लाकूड सुकून आकसते, श्रावणात ओल पिऊन फुगते. आपल्या घरचे दार पावसाळ्यात चौकटीत अडते हे आपण पाहतोच. पंख्याचे लाकूड आकसले की मधले बोल्ट सैल पडतात, आणि सैल पंखा इंजिनाच्या प्रत्येक धक्क्याबरोबर किंचित हलून स्वतःची भोके मोठी करीत जातो. म्हणून लाकडी पंख्याचे बोल्ट पहिल्या उड्डाणानंतर, मग ठराविक तासांनी, आणि ऋतू बदलला की अवश्य, टॉर्क रेंच लावून तपासावेत. अंदाजाने आवळू नयेत. जास्त आवळले तर लाकूड चिरडते. विमान उभे करून ठेवताना पंखा आडवा ठेवावा. उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि तोल बिघडतो.

इंजिन वेगळे तपासले, पंखा वेगळा तपासला. आता दोघांची जोडी जमते की नाही पाहायचे. विमानाची शेपटी भक्कम खुंट्याला बांधायची, चाकांना ओंडके लावायचे, माणसे आणि मुले दूर हटवायची, पात्यांच्या रेषेत तर कोणीच नाही, आणि इंजिन पूर्ण उघडून फेरे मोजायचे. फेरे पुस्तकातल्या आकड्याहून कमी भरले तर एक तर इंजिन अशक्त आहे, किंवा पंख्याचे पिच जास्त आहे. सायकलला वरचा गिअर टाकून चढावर निघालो तर पाय जड होतात, तसे. फेरे फारच जास्त भरले तर पिच कमी आहे; असा पंखा चढताना चांगला, पण सपाट वेगात इंजिनाला मर्यादेबाहेर पळवील. जमिनीवर पाती फिरवून बसविता येतील असे पंखे असतात. त्यांत कोनमापक लावून अर्ध्या अर्ध्या अंशाने कोन बदलावा, आणि सर्व पात्यांचा कोन एकसारखा ठेवावा.

येथे हवेचा हिशेब विसरू नये. हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पारा बेचाळीस अंशांवर गेला की येथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने हिंगोली दीड हजार मीटरांवर, महाबळेश्वराहूनही उंच जाऊन बसते. इंजिनाची शक्ती सुमारे सातव्या हिश्श्याने घटते, पंखा कमी ओढतो, पंख कमी उचलतात. पौषातल्या सकाळी लावलेले यंत्र वैशाखातल्या दुपारी तेच राहत नाही. इंजिन सुरात लावणे, ज्याला ट्यूनिंग म्हणतात, त्याचा हेतू अधिकात अधिक शक्ती पिळून काढणे हा नसावा. आज, या हवेत, हे यंत्र काय करील हे आधी सांगता यावे, हा असावा.

या सर्वांचा शत्रू एकच, आणि तो म्हणजे कंप. तार एकदा वाकविली तर मोडत नाही. वाकवीत राहिलो तर मोडते. इंजिनाचा प्रत्येक स्फोट पंख्याच्या दांड्याला एक हिसका देतो, आणि हिसके मिनिटाला हजारोंनी बसतात. १९०३ च्या नोव्हेंबरात राइट बंधूंनी आपले इंजिन पंख्यांसह चालवून पाहिले. इंजिन अडखळत होते. त्या हिसक्यांनी पंख्यांचे पोकळ दांडे निखळले. ते डेटनला धाडून दुरुस्त करून आणले, तर त्या महिन्याच्या अखेरीस पुन्हा एकाला तडा गेला. तेव्हा धाकटा भाऊ ऑरव्हिल स्वतः गावी परतला, भरीव स्प्रिंग-पोलादाचे दांडे करून घेऊन आला, आणि १७ डिसेंबरला विमान उडाले. हिवाळा तोंडावर होता आणि वर्षांची मेहनत पणाला लागली होती. तडा गेलेला दांडा घेऊन एक उडी मारून पाहू, असा मोह कोणासही झाला असता. ते थांबले. त्यांच्या चरित्रातले हे थांबणे आम्हांस उडण्याइतकेच मोलाचे वाटते.

आपल्या जिल्ह्याला तर कंपाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया वेधशाळा उभी करण्यास केंद्र सरकारने २०२३ साली अंतिम मान्यता दिली. दूरच्या ताऱ्यांच्या टकरीतून येणारा अत्यंत सूक्ष्म थरथराट तेथे मोजला जाणार आहे. थरथर ही मोजण्याची वस्तू आहे, अंगवळणी पाडून घेण्याची नव्हे, हा धडा विमानाच्या कारागिरालाही लागू आहे. नवी थरथर जाणवली की प्रथम इंजिन बंद करावे, आणि मग कारण शोधावे.

आता लिहिण्याची गोष्ट. विमानाबरोबर वह्या असतात. इंजिनाची एक, पंख्याची एक. किती तास चालले, कोणता प्लग बदलला, दाब किती भरला, फिल्टरमध्ये काय निघाले, कोणता बोल्ट किती आवळला, हे तारखेसह लिहून खाली सही करायची. आपले जुने कारागीर कानाने इंजिन ओळखतात, आणि त्या कानाविषयी आम्हांस आदरच आहे. पण कान हळूहळू होणाऱ्या बदलाला सरावतो. दररोज थोडे अधिक थरथरणारे इंजिन रोज पाहणाऱ्याला कालच्यासारखेच वाटते. वही सरावत नाही. शिवाय सही करणाऱ्याला क्षणभर थांबावे लागते. आपण हे खरोखर पाहिले का, असे स्वतःला विचारावे लागते.

श्रोतेहो, हा विषय येथे का, याचे उत्तर आता देतो. पैनगंगेच्या पलीकडे, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तेथला वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण, वय अवघे चोवीसच्या घरात, मोटारीचे इंजिन बसवून स्वतः हेलिकॉप्टर बांधीत होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जमिनीवरच चाचणी चालू असताना पाते तुटले, आणि त्या आघाताने तो गेला. वृत्तपत्रांनी दोन दिवस ती बातमी छापली. कोणी वेडेपणा म्हटले, कोणी हळहळले.

आम्हांस दोन्ही पुरेसे वाटत नाही. ज्याने शाळा-कॉलेजाच्या आधाराशिवाय लोखंडातून फिरणारे यंत्र उभे केले, त्याच्या हातात कसब होते यात शंका नाही. आणि असा मुलगा तो एकटाच नव्हे. हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीत, सेनगावला आज एखाद्या शेडमध्ये असाच कोणी तरुण जुने इंजिन उघडून बसला असणे अगदी संभवनीय आहे. त्याला नको म्हणून तो थांबणार नाही. तो रात्री करील, एकट्याने करील, आणि तेच सर्वांत घातक. त्याला लागते ते थोडे आहे, पण ते एकट्याला जमवता येत नाही. फिरत्या पात्याची चाचणी दूर उभे राहून, मजबूत आडोशाआडून घेता येईल अशी जागा. एक टॉर्क रेंच, एक फेरेमापक, तोल पाहण्याचे साधे साधन. पुस्तकातले आकडे समजावून सांगणारा कोणी शिक्षक. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याची वही वाचून ‘आज नाही’ असे म्हणणारा दुसरा माणूस. विमानाच्या जगात एकाने केलेले महत्त्वाचे काम दुसऱ्याने तपासण्याची रीत आहे. ती अविश्वासातून आलेली नाही. आपलीच चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही, या अनुभवातून ती आली.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कर्मशाळेत आठवड्यातून एक संध्याकाळ, निवृत्त झालेला एखादा यंत्रशिक्षक किंवा सैन्यातला जुना तंत्रज्ञ, आणि भिंतीवर टांगलेली एक वही, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. त्यातून विमान निघेलच असे नाही. मळणी यंत्राचा पट्टा झाकलेला राहील, गिरणीची थरथर कोणीतरी मोजील, ट्रॅक्टरच्या पंख्याला झालेली भेग वेळेवर दिसेल. तेवढे निघाले तरी ती संध्याकाळ कारणी लागली. आणि त्यातला एखादा मुलगा पुढे खरोखरच विमान बांधावयास निघाला, तर निदान पहिल्या दिवसापासून त्याच्यामागे एक वही आणि एक तपासणारा माणूस असेल.